घोटीला जावे केव्हा?

टोकियोला कोणत्या महिन्यात जावे, हा प्रश्न आता मुंबई, पुणे आणि नाशिकच्या मध्यमवर्गीय घरांतून सहज विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी घरातली मंडळी सहा-सहा महिने खल करतात. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा हा चेरीच्या बहराचा काळ. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिकडचा पावसाळा, ऑगस्टमध्ये अंगाची लाही करणारा दमट उकाडा, सप्टेंबरात चक्रीवादळांची भीती. नोव्हेंबरअखेर गिंकोची झाडे पिवळी होतात, तर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात कोरडी थंडी आणि निरभ्र आकाश असल्याने शहरातूनही दूरवरचा फुजी दिसतो. एप्रिलअखेरीस सुरू होणाऱ्या सुट्ट्यांच्या आठवड्यात मात्र जाऊ नये, कारण तेव्हा सारा जपानच घराबाहेर पडतो. एवढी माहिती जपानला कधीही न गेलेल्या मराठी माणसालाही आज तोंडपाठ असते.

हाच माणूस घोटीला जाण्याचा निर्णय शुक्रवारी रात्री दहा वाजता घेतो आणि शनिवारी पहाटे निघतो. पाऊस लागला आहे, धबधबे सुरू झाले आहेत, एवढी माहिती त्याला पुरेशी वाटते. परदेशी शहराच्या ऋतूंचा इतका बारकाईने अभ्यास करणारा आपला नागर वर्ग दोन-अडीच तासांवरच्या घाटमाथ्याच्या ऋतूंबाबत इतका बेफिकीर का असतो, हा प्रश्न आजवर केवळ सवयीचा होता. आता तो प्रशासनाचा, सुरक्षेचा आणि एका तालुक्याच्या अर्थकारणाचाही झाला आहे. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि घोटी मुंबईच्या आणखी जवळ आली. २०२७ च्या पावसाळ्यात नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे. अशा वेळी घोटीला केव्हा जावे, हे ठरवणे हा केवळ सहलीपुरता विषय राहत नाही.

घाटमाथ्यावरचे वेशीचे गाव

घोटी हे इगतपुरी तालुक्यातले बाजारपेठेचे गाव. थळ घाट चढून आलेली रेल्वे इगतपुरीला विसावते आणि नाशिककडे निघाली की पुढचे स्थानक घोटीचे. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागूनच जातो. येथून एक रस्ता सिन्नरकडे, एक त्र्यंबकेश्वरकडे आणि एक बारी, भंडारदरा, राजूरच्या बाजूला फुटतो. कळसूबाईला जाणारा गिर्यारोहक, भंडारदऱ्याला निघालेले कुटुंब, त्र्यंबकेश्वरला निघालेला भाविक यांपैकी बहुतेकांची घोटीशी गाठ पडते. मात्र घोटी पाहायला म्हणून सहसा कोणी येत नाही. घोटी ओलांडून पुढे जायचे असते. त्यामुळे येणाऱ्या गर्दीचा भार घोटीने सोसायचा आणि तिचे कौतुक मात्र दुसऱ्या गावांच्या वाट्याला जायचे, असा प्रकार वर्षानुवर्षे चालत आला आहे.

या गावाची खरी ओळख भाताची. आजूबाजूच्या खेड्यांतले भात घोटीच्या गिरण्यांत भरडले जाते आणि येथला इंद्रायणी तांदूळ नाशिक-मुंबईच्या स्वयंपाकघरांत पोहोचतो. भात पिकतो, कारण पाऊस तसा आहे. इगतपुरी परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येथून पूर्वेला सिन्नरकडे निघाले की तासाभरात आपण पर्जन्यछायेच्या दुष्काळी पट्ट्यात पोहोचतो. एकाच जिल्ह्यात, एकाच रस्त्याच्या दोन टोकांना पावसाचे असे दोन टोकाचे स्वभाव आहेत.

हा पाऊस घाटमाथ्यापुरता राहत नाही. १९१६ मध्ये पूर्ण झालेले दारणा धरण याच तालुक्यात आहे. त्याचे पाणी नांदूरमध्यमेश्वरच्या कालव्यांतून कोपरगाव-राहात्याच्या शेतीला मिळते आणि टंचाईच्या वर्षी जायकवाडीसाठी सोडावे लागते. तालुक्यालगतचे ऊर्ध्व वैतरणा धरण तर मुंबईचेच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. त्यांपैकी सुमारे २ लाख २७ हजार दशलक्ष लिटर पाणी एकट्या ऊर्ध्व वैतरणात साठते. म्हणजे जो पाऊस पाहायला मुंबईकर जुलैत घोटीकडे धावतो, तोच पाऊस पुढे वर्षभर त्याच्या नळाला येतो. पाहुणा आणि यजमान यांचे नाते एका दिवसाच्या सहलीपुरते नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवे.

एका गावाचे अनेक ऋतू

आता वर्षाचा हिशेब मांडू. एप्रिल-मे हा घोटी परिसराचा सर्वात कठीण काळ. डोंगर भाजून निघालेले असतात. पहिल्या पावसाच्या आधी शेतकरी रोपांची जागा राब टाकून भाजून ठेवतो. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या तालुक्यांत गणना होणाऱ्या या तालुक्यातल्या काही वाड्या-पाड्यांना याच दिवसांत टँकरची वाट पाहावी लागते. धरणे खोऱ्यात आणि वस्त्या डोंगरावर, असा हा व्यवहार आहे. सहलीसाठी हा काळ सुखाचा नाही. पण धरणांच्या पाण्याबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक शहरी माणसाने एकदा तरी मे महिन्यातली घोटी पाहावी. करवंदे आणि जांभळे विकायला रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायका याच दिवसांत दिसतात.

मेअखेर ते जूनचा मध्य हे काजव्यांचे दिवस. भंडारदऱ्याच्या परिसरात आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर लक्षावधी काजवे एका लयीत लुकलुकतात. हा प्रकाश म्हणजे नर-मादीचा परस्परांशी चाललेला संवाद असतो आणि त्याच्यावर पुढची पिढी अवलंबून असते. मोटारींचे दिवे, विजेऱ्या, गोंगाट यांनी तो संवाद तुटतो. दशकभरात या काजव्यांची कीर्ती इतकी पसरली की शनिवारच्या रात्री घोटी-भंडारदरा रस्त्यावर मोटारींच्या दिव्यांचीच रांग लागू लागली. अंधार पाहायला गेलेल्यांनीच अंधार संपवावा, याला काय म्हणावे?

त्यानंतर येतो तो सर्वांच्या आवडीचा मोसम. जुलै-ऑगस्ट. डोंगर धुक्यात बुडालेले, कड्यांवरून असंख्य पांढऱ्या धारा, भातखाचरांत आभाळ उतरलेले. हे रूप भुलवणारे आहे, यात वाद नाही. पण हाच काळ येथल्या शेतकऱ्याच्या वर्षातला सर्वात धावपळीचा असतो. चिखलणी, रोपांची उपटणी आणि आवणी यांत घरातली लहानथोर माणसे दिवसभर पाण्यात उभी असतात. आवणी चार-आठ दिवस लांबली तर उत्पन्नावर परिणाम होतो. नेमक्या याच आठवड्यांत रस्ते पर्यटकांच्या मोटारींनी भरतात. खाचरात उतरून छायाचित्रे काढणारे, बांध तुडवणारे, शेताच्या पाटात प्लॅस्टिकच्या बाटल्या टाकणारे पाहुणे येतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही पेरलेल्या घरात शिरलेली वरात असते. हे पाहुणे चहा-भजी घेतात, मक्याची कणसे घेतात, काही घरांना चार पैसे मिळतात, हेही खरे. पण ज्याच्या शेतातून ते चालतात तो आणि ज्याच्या टपरीवर ते थांबतात तो, ही बहुधा वेगवेगळी माणसे असतात.

सप्टेंबरच्या मध्यापासून चित्र पालटते. पावसाचा जोर ओसरतो, ओढे अजून वाहते असतात, पण त्यांचे पाणी गढूळ राहत नाही. डोंगरउतारांवर सोनकी आणि तेरडा फुलतो, वरकस जमिनीत खुरासणीची पिवळी शेते दिसू लागतात, भात पोटरीत येतो. ऑक्टोबरमध्ये नवरात्राला कळसूबाईच्या शिखरावरच्या देवीची यात्रा भरते. पंचक्रोशीतले आबालवृद्ध तेव्हा १६४६ मीटर उंचीचा तो डोंगर श्रद्धेने चढून जातात. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर या काळात भाताची कापणी आणि झोडणी होते. गिरण्या सुरू झाल्या की घोटीच्या हवेत नव्या तांदळाचा वास असतो. डिसेंबर-जानेवारीत कोरडी, स्वच्छ थंडी पडते. अलंग, मदन, कुलंग ही दुर्गत्रयी आणि कळसूबाईची रांग काचेसारखी स्पष्ट दिसते. कावनई आणि त्रिंगलवाडीचे किल्ले तेव्हा निवांत पाहता येतात. त्रिंगलवाडीच्या पायथ्याची जैन लेणी तर पावसाळी गर्दीच्या नजरेतून बहुधा सुटलेलीच असतात.

इतके ऋतू हाताशी असताना शहरी माणूस त्यांतले फक्त सात-आठ आठवडे निवडतो. त्या आठवड्यांतलेही दोनच दिवस निवडतो. खरी अडचण येथे सुरू होते.

ऋतूचा दोष की रविवारचा?

महाराष्ट्रातल्या अलीकडच्या पावसाळी दुर्घटनांचे वार पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले तो दिवस होता ३० जून २०२४, रविवार. मावळातल्या कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळून चौघांचा बळी गेला तो दिवस १५ जून २०२५, तोही रविवार. त्र्यंबकेश्वरजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये पाणी एकाएकी वाढून वीसहून अधिक पर्यटक अडकले आणि रात्री उशिरापर्यंत बचावकार्य करावे लागले. तोसुद्धा रविवारच होता.

पाऊस सोमवारीही पडतो आणि बुधवारीही पडतो. मग अपघात रविवारी का व्हावेत? कारण अपघाताला पावसाइतकीच गर्दीही लागते. मोकळ्या धबधब्यावर माणूस काठावर उभा राहून पाहतो. गर्दीच्या धबधब्यावर जागा मिळवण्यासाठी तो आणखी आत, आणखी वर जातो. पाच माणसांचा भार सहज पेलणारा साकव शंभर माणसांखाली कोसळतो. शिवाय डोंगरातला ओढा आपल्या डोक्यावरच्या पावसाने फुगत नाही. तो वर, नजरेआड असलेल्या पाणलोटात पडलेल्या पावसाने फुगतो. खाली ऊन पडलेले असतानाही लोंढा येऊ शकतो. गावातल्या पोराला हे ठाऊक असते. मुंबईहून आलेल्या माणसाला ते कोणी सांगत नाही आणि त्यानेही विचारलेले नसते.

कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येऊन खोळंबतात. हरिहरच्या खड्या पायऱ्यांवर माणसांची साखळी लागल्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. निसरड्या दगडावर, धुक्यात, वाऱ्यात उभ्या असलेल्या अशा रांगेत एकाचा पाय घसरला तर काय होईल, याचा विचारही नकोसा वाटतो.

आता यात समृद्धीची भर पडली आहे. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्याने कसारा घाटातला वळणांचा प्रवास जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत होतो. पूर्वी घाट हाच एक नैसर्गिक दरवाजा होता. घाटात वाहने अडकतील या धास्तीने काही जण तरी निघत नसत. आता तो दरवाजा सताड उघडा आहे. महामार्गाने प्रवासाचा वेळ कमी केला, पण बारीचा वाहनतळ मोठा केला नाही, भंडारदऱ्याचा रस्ता रुंद केला नाही, घोटीच्या चौकात पोलीस वाढवले नाहीत. त्यातच या महामार्गावर दुचाकींना मनाई आहे. तेव्हा पावसात भिजत येणारी तरुण मंडळी जुन्या कसारा घाटातूनच येत राहणार. वेगवान मोटारी एका बाजूने आणि दुचाकींचे ताफे दुसऱ्या बाजूने येऊन घोटीच्याच आसपास एकत्र होणार, असा हा योग आहे.

बंदी आणि बंधन

अशा परिस्थितीत प्रशासनाच्या हाती एक ठरलेले हत्यार असते. दुर्घटना घडली की जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लागे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ लागते. धबधब्यांवर, धरणांच्या काठी, गडांवर काही आठवड्यांसाठी प्रवेश बंद होतो. आदेश निघतो तेव्हा बातमी होते, आदेशाची मुदत संपते तेव्हा बातमी होत नाही. पर्यटक एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात सरकतात. पुण्यात बंदी झाली की इगतपुरीकडे, इगतपुरीत झाली की अकोल्याकडे. कळसूबाईचा पायथा तर अहिल्यानगर जिल्ह्यात आणि तिकडे जाणारा रस्ता नाशिक जिल्ह्यातून. दोन जिल्ह्यांचे आदेश एकाच सहलीला लागू होतात आणि सहलीला निघालेल्याला यातल्या एकाचीही खबर नसते.

शिवाय सरसकट बंदीचा फटका बसतो तो वडापाव विकणाऱ्याला, घरात चार माणसांच्या जेवणाची सोय करणाऱ्या गावकरणीला आणि वाटाड्याचे काम करणाऱ्या तरुणाला. त्यांचे वर्षाचे उत्पन्न याच सात-आठ आठवड्यांवर उभे असते. एका आदेशाने त्यातले तीन आठवडे गेले, तर उरलेल्या आठवड्यांत मिळेल ते आणि मिळेल तेवढे कमावण्याकडे कल होतो. पुढच्या बेशिस्तीचे बी यातच पडते.

जपानचा दाखला येथे पुन्हा उपयोगी पडतो. तेथल्या हवामान खात्याने टोकियोतला चेरीचा बहर ठरवण्यासाठी यासुकुनी देवस्थानातले एक झाड नेमून ठेवले आहे. त्यावर पाच-सहा फुले उमलली की बहर सुरू झाल्याचे अधिकृतपणे जाहीर होते. एका झाडाची ही गोष्ट गमतीची वाटेल, पण त्यामागचा विचार गंभीर आहे. ऋतू ही सार्वजनिक माहिती आहे आणि ती वेळेवर, एका अधिकृत ठिकाणाहून मिळाली पाहिजे, हा तो विचार.

फुजीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. ३७७६ मीटर उंचीच्या या पर्वतावर चढाईचा अधिकृत मोसम जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच असतो. गर्दी हाताबाहेर जाऊ लागली तेव्हा यामानाशी प्रांताने २०२४ च्या मोसमात आपल्या बाजूच्या वाटेवर २,००० येन शुल्क लावले, दिवसाला ४,००० गिर्यारोहकांची मर्यादा घातली आणि रात्रभर पुढे रेटणाऱ्यांना रोखण्यासाठी फाटक बसवले. २०२५ मध्ये शुल्क ४,००० येन झाले आणि शेजारच्या प्रांतातल्या वाटांनाही ते लागू झाले. दोन प्रांत, एक पर्वत आणि शेवटी एक नियम. आपल्याकडे दोन जिल्हे आणि एक कळसूबाई आहे. तेथे जमले ते येथे का जमू नये?

जपानच कशाला, आपल्या साताऱ्याचे कास पठार पाहा. जागतिक वारसा यादीत २०१२ मध्ये समाविष्ट झालेल्या या पठारावर फुलांच्या मोसमात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा ठरवण्यात आली. ऑनलाइन नोंदणी सुरू झाली, वाहने दूर थांबवून बसची सोय झाली आणि व्यवस्थापनात आसपासच्या गावांच्या समित्यांना स्थान मिळाले. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. मर्यादा ओलांडल्याच्या तक्रारीही अधूनमधून होतात. तरीही पूर्ण मोकळीक आणि पूर्ण बंदी यांच्यामध्ये एक तिसरा मार्ग आहे, हे कासने महाराष्ट्रातच दाखवून दिले आहे. घोटी-भंडारदरा-कळसूबाई पट्ट्याला तोच मार्ग लागू करता येईल. दिवसाची मर्यादा, आगाऊ नोंदणी, घोटीत किंवा बारीच्या अलीकडे वाहनतळ, तेथून एसटीच्या गाड्या, शुल्काचा ठरावीक वाटा ग्रामपंचायतींना आणि ठरलेल्या वेळेनंतर प्रवेश बंद. यातली एकही गोष्ट अशक्य कोटीतली नाही. काजव्यांच्या दिवसांसाठी तर ती तातडीने हवी.

सिंहस्थाचा पावसाळा

हे सर्व आत्ताच का करायचे, याचे उत्तर २०२७ च्या दिनदर्शिकेत आहे. जाहीर वेळापत्रकानुसार सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी असून पर्वस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबर २०२७ या दिवशी आहेत. पहिले स्नान सोमवती अमावस्येचे, म्हणजे लगतचे शनिवार-रविवार धरून गर्दीचे तीन दिवस. शेवटचे नाशिकचे स्नान शनिवारी, तर त्र्यंबकेश्वरचे रविवारी. गुरू सिंह राशीत असताना, श्रावण-भाद्रपदात ही पर्वे येतात. तेव्हा नाशिकचा कुंभ नेहमी पावसाळ्यातच असतो, हे वेगळे सांगायला नको.

मुंबईकडून येणाऱ्या भाविकाला त्र्यंबकेश्वरला जाण्यासाठी घोटीचा रस्ता सोयीचा. त्याच दिवसांत त्याच रस्त्यांवर वर्षासहलीची मंडळी असतील. त्याच दिवसांत आवणी आणि पुढची निंदणी चालू असेल. त्याच दिवसांत ऊर्ध्व वैतरणा आणि दारणा भरत आलेले असतील आणि विसर्ग सुरू असेल. २०१५ च्या सिंहस्थात समृद्धी महामार्ग नव्हता आणि भ्रमणध्वनीवर पाहिलेल्या एका चित्रफितीमागे हजारो माणसे एका धबधब्याकडे धावत नव्हती. बारा वर्षांत दोन्ही बदलले आहे. कुंभासाठी रस्ते, पूल, घाट यांच्या योजना होत आहेत आणि त्या व्हायलाच हव्यात. पण पर्वस्नानाच्या आगेमागे चार दिवस घोटी पट्ट्यातले वर्षापर्यटन नोंदणीशिवाय होऊ न देणे, हा निर्णय कोट्यवधींच्या खर्चाविना घेता येणारा आहे. तो वर्षभर आधी जाहीर झाला पाहिजे, आदल्या रात्री नव्हे.

बदलता पंचांग

ऋतू ठरवताना आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागेल. खुद्द पावसाचेच वेळापत्रक हलले आहे. भारतीय हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि नोंदींतल्या सर्वात लवकरच्या आगमनाचा विक्रम झाला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या उत्तरार्धात मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात अतिवृष्टीने हाहाकार उडवला.

याचा अर्थ ‘सप्टेंबर म्हणजे सरता पाऊस’ हा जुना ठोकताळा पूर्वीसारखा भरवशाचा उरलेला नाही. तारखेवर विसंबून घराबाहेर पडणे धोक्याचे आहे. आजचा इशारा, धरणाचा विसर्ग, घाटातली परिस्थिती पाहूनच निघायला हवे. हवामान खाते घाटमाथ्यासाठी स्वतंत्र इशारे देते. जलसंपदा विभाग विसर्गाची माहिती देतो. ही माहिती वेगवेगळ्या खिडक्यांवर विखुरलेली आहे. टोकियोच्या त्या एका झाडासारखी घोटी पट्ट्यासाठी एक खिडकी असावी. आज कोणती वाट खुली, कोणता ओढा चढलेला, किती जणांना जागा शिल्लक, एवढे शुक्रवारी सायंकाळी कळले तरी रविवारचे निम्मे संकट टळेल.

मग जावे केव्हा?

शेवटी मूळ प्रश्न. एकच मोसम निवडायचा असेल, तर भाद्रपद सरता सरता ते मार्गशीर्षापर्यंतचा, म्हणजे साधारण सप्टेंबरअखेर ते डिसेंबरचा काळ घोटीसाठी उत्तम म्हणावा लागेल. हवामानाचा इशारा नाही ना, एवढे पाहून निघावे. ओढ्यांत पाणी असते, डोंगर हिरवे असतात, पुढे सोनेरी होतात, वाटा निसरड्या नसतात आणि शेतकऱ्याच्या घरात नवे धान्य येत असते. त्या दिवसांत गिरणीवरून दहा-वीस किलो तांदूळ घेऊन परतणारा पाहुणा गावाला जितके देतो, तितके पावसात भिजून, कणीस खाऊन परतणारे दहा पाहुणेही देत नाहीत. पाऊसच पाहायचा असेल तर तो मंगळवारी-बुधवारी पाहावा, काठावरून पाहावा, खाचरात न उतरता पाहावा. काजवे पाहायचे असतील तर मोटार गावात ठेवून, गावातला वाटाड्या घेऊन, दिवा न लावता चालत जावे. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर जुलैतला कळसूबाई टाळून डिसेंबरचा निवडावा. २०२७ च्या पर्वस्नानांच्या आसपास मात्र भाविकाखेरीज इतरांनी या रस्त्याला लागू नये, हेच बरे.

हे सारे नोकरदार माणसाला कसे जमावे, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ज्याला फक्त रविवार मिळतो, त्याने रविवारीच यायचे. पण ज्यांना घरून काम करण्याची, आठवड्याच्या मधल्या वारी रजा घेण्याची मुभा आहे, त्यांनी रविवार इतरांसाठी मोकळा ठेवला तरी गर्दीचा भार हलका होईल. शाळांनी वर्षासहली मधल्या वारी आणि सप्टेंबरनंतर नेल्या, कंपन्यांनी आपल्या सहली नोव्हेंबरात काढल्या, हॉटेलांनी मधल्या वारी दर कमी ठेवले, तर घोटीच्या टपरीवाल्याचा मोसम आठ आठवड्यांवरून आठ महिन्यांवर जाऊ शकतो. गर्दी पसरली की उत्पन्नही पसरते आणि धोका विरळ होतो. पर्यटनाच्या धोरणाला याहून वेगळे साध्य तरी कोणते असते?

पाहुण्याने येण्याआधी यजमानाला ‘केव्हा येऊ?’ असे विचारण्याची आपल्याकडे रीत होती. टोकियोला जाताना आपण ती कसोशीने पाळतो, कारण तेथे विमानाचे तिकीट, व्हिसा आणि लाखांचा खर्च असतो. घोटीला जाताना पेट्रोलखेरीज काही लागत नाही, म्हणून आपण विचारत नाही. पण घोटीचे यजमानपण फुकट नसते. त्याची किंमत तेथला शेतकरी, रस्ता, ओढा आणि कधीकधी आपल्यातलेच एखादे कुटुंब मोजत असते. पुढच्या शुक्रवारी रात्री बेत ठरवताना आकाशाबरोबर एकदा दिनदर्शिकाही पाहावी आणि घोटीला फोन करून विचारावे, ‘येऊ का?’